उकार

कॉलेज रोडला दुसाने काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात
पाच ते नऊ मी मशिनपाशी उभी असते.
पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
अर्जांच्या दिवसांत रांग रस्त्यावर येते.
दाखले काचेवर पालथे घालायचे, झाकण दाबायचं,
हिरवा उजेड इकडून तिकडे सरकतो
आणि मला अर्ध्या शहराचं वार्षिक उत्पन्न कळतं.

कुणाचे वडील वर्षाला साठ हजार कमावतात
आणि बाहेर गाडी चालूच ठेवून थांबतात,
एसी बंद पडू नये म्हणून.
मी सुटे पैसे परत देते.
काका म्हणतात, आपण कागद छापतो, वाचत नाही.

माझ्या कागदांची प्रत मला फुकट.
चौदा वेळा काढलीय.

कारण शाळेच्या दाखल्यावर मी मंजूळा, जू दीर्घ.
आधारवर मंजुळा, ऱ्हस्व.
पोर्टल म्हणतं, नावात तफावत.
अर्ज कॉलेजकडून माझ्याकडे, माझ्याकडून कॉलेजकडे,
आणि निर्वाह भत्ता
दोन उकारांच्या मधल्या फटीत
सात महिने.

चार नंबरच्या खिडकीतल्या धात्रक मॅडम वाईट नाहीत.
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"पात्र दाखवतंय गं तुला. हे उकाराचं निस्तर,
मग पैसे वरून सुटतील."
पात्र तर गोदावरीलाही आहे, मनात म्हटलं.
गंगापूरचं आवर्तन सुटलं तर नदी,
नाही तर नुसतं पात्र.

पेठ रोडच्या खोलीत आम्ही चौघी, डबे दोन.
अनसूया म्हणाली, मला भूक कमीच असते.
रात्री तिच्या पोटाचा आवाज मी ऐकला.
तीही जागीच होती.

मग पहिलीत नाव घालणाऱ्या गुरुजींना फोन लावला.
रिटायर होऊन दिंडोरीला असतात.
"चूक कसली? तुझी आई आली होती.
तिनं नाव सांगितलं तसं मी लिहिलं."

आई कधी हळू बोलत नाही.
नागलीच्या खाचरातून, ओहोळापलीकडून
ती हाक मारायची: मंजूऽऽळा
ऱ्हस्वात ती हाक
ओहोळसुद्धा ओलांडली नसती.
गुरुजींनी शुद्धलेखन केलंच नव्हतं,
ऐकलं होतं.

सीबीएसला, कोर्टाबाहेर, टायपिस्टनं
माझ्याकडे न बघता ठोकलं:
मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
मंजूळा यशवंत भोये व मंजुळा यशवंत भोये
ही व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
टायपिंगचे दीडशे.
ती मीच आहे,
एवढं ठाम मी आजवर कुठे सही करून दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत मेसेज आला, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये.
ब्युरेट तशीच गळत राहिली, रीडिंग चुकलं.
सहा हजार तीनशे वीस,
त्यातून बँकेनं कमी शिलकीचे आधीच कापून घेतलेले.
नाशकात पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात:
पाय, कंबर, छाती.
माझा त्याच्या अंगठ्याला टेकून परत फिरला.
भाडं गेलं, मेस गेली, काकांची उचल गेली.
अनसूयाला म्हटलं, आजपासून चार डबे.
ती म्हणाली, तीन पुरतील. मग हसली. मग चार म्हणाली.

नूतनीकरणाचा अर्ज पुढच्या आठवड्यात उघडतो.
धात्रक मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय,
प्रतिज्ञापत्र पुन्हा जोड, मागचं फायलीत सापडत नाही.
दुकान बंद करता करता पंधरावी प्रत काढली.
टोनर संपत आलंय, शिक्का फिकट उठलाय,
सही तर नुसती रेघ.
उकार मात्र दोन्ही आलेत.